नवरदेवाच्या मानेवरचं मशीन

"या मशीनला कोनी हात लावायचा नाय. अगदी तू पन नाय," असं बजावून गोटीराम तोंड धुवायला मागच्या दारी गेला, आणि त्याच्या बायकोची, सगुणाची, पंचाईत झाली.

मशीन म्हणजे केस कापायचं. मुठीत दाबलं की कटकट करत दात सरकवणारं. गोटीरामचा चुलतभाऊ पंढरी लालबागला सलून चालवायचा. त्यानं ते दिलं होतं आणि सोबत भरपूर उपदेशही. "तेल मशीनचंच घालायचं, दोन थेंब. पानी लागू द्यायचं नाय. आनि धंदा वाढवायचा तर हत्यारांची धोपटी काखेत मारून दारोदार फिरनं बंद कर. खुर्ची मांड, आरसा टांग. गिऱ्हाईक आपल्या पायानं आलं पायजे!"

नेरूळ गावात मात्र या दातांच्या जनावरासमोर डोकं वाकवायला कोणी तयार नव्हतं. शेवटी कमळाकर तयार झाला. त्याचं लग्न होतं आणि त्याला मुंबईच्या पोरांसारखी मान कोरून हवी होती. "आजचा नवरा नीट झाला तर दुकान टाकू," गोटीराम म्हणाला होता. "नायतर हायेच आपली धोपटी जन्मभर."

एवढं मोठं काम, आणि हत्याराला साधं हळदीकुंकू नाही? दसऱ्याला वस्तऱ्याची पूजा होते, कैचीची होते. हे बापडं दसरा उलटल्यावर आलेलं. सगुणाच्या मनाला ते पटेना. मागच्या दारी चुळा भरल्याचा आवाज येत होता तोवर तिनं मशीनला पाटावरच हळदीकुंकू वाहिलं, कुंकवात भिजवलेल्या अक्षता वाहिल्या, हात जोडले आणि पदरानं सगळं पुसून घेतलं. सगळं म्हणजे, तिला दिसलं तेवढं.

लग्नघरी मांडवात कमळाकर पाटावर बसला. अंगावर पांढरं धोतर पांघरलेलं, भोवती अर्धा गाव. गोटीरामनं मानेला मशीन लावलं. कट, कट, कट. मानेपासून कानाच्या वरपर्यंत मिठागराच्या बांधासारखा सरळ पट्टा निघाला. मंडळी पुढं सरकली.

आणि कट झालं नाही.

गोटीरामनं मूठ दाबली. दाबेना. सोडवायला गेला, सुटेना. दातांनी केस धरले होते ते धरलेच.

"काय झाला?" कमळाकरनं विचारलं.

"काय नाय. जरा दम घेतंय."

"मशीन दम घेतंय?" कमळाकरचा मामा धर्मा पुढं आला. "सर बाजूला, मी वढतो."

"मामा, हात नको लावूस!" नवरदेव किंचाळला. "टालू निगून येल संगतीन!"

"मग वस्तऱ्यानं कापून काढ रं."

"तिथं टकलाची चांदी पडंल," गोटीराम म्हणाला. "मंडपात नवरीचे लोक पयली चांदीच बघतील."

"मी तवाच बोललो होतो," धर्मामामानं सगळ्यांना सांगितलं. तो तेव्हा काहीच बोलला नव्हता. "पुढल्या खेपेला बेलापूरचा न्हावी आनायचा."

बायकांत उभ्या असलेल्या सगुणानं डोळे मिटून नवस बोलायला घेतला आणि तिथंही अडली. सोमवार ती धरतच होती. मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शुक्रवारी एकभुक्त, रविवारी मीठ वर्ज्य. देवाला द्यायला मोकळा वारच उरला नव्हता! मग बुधवार आठवला. 'आई एकवीरे, बुधवार घे, पन हे सुटू दे.'

तेवढ्यात कमळाकरची आजी धोंडूबाई हळदीची वाटी घेऊन आली. "किती येल लावता? हलदीची येल टलंल."

"आजी, मानेला मशीन हाय!"

"र्‍हाऊं दे. हलद तुला लावायची हाय, मशीनला नाय."

मुहूर्तापुढं कोण बोलणार? मशीन मानेवर लोंबत असतानाच नवऱ्याला हळद लागली. तेलात कालवलेली हळद गालांवरून, खांद्यांवरून शेवटी मशीनवरही थापली गेली. गोटीराम बाजूला उभा राहून ते लोखंड पिवळं होताना बघत होता.

"आता आंघोल," धोंडूबाईनं कढत पाण्याचा तांब्या उचलला.

"पानी नको!" गोटीराम आडवा धावला. "गंज चढंल! पंढरीनं सांगितलंय..."

"पंढरीला सांग, नवरा पारोसा मंडपात जात नाय."

तांब्या रिता झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला 'खट्' असा आवाज आला आणि मशीन गोटीरामच्या हातात अलगद सुटून आलं. त्याबरोबर पांढऱ्या धोतरावर काहीतरी लाल पडलं.

"रगत!" धर्मामामा ओरडला.

धोंडूबाईनं वाकून ते चिमटीत उचललं. डोळ्यांजवळ धरलं. सगुणानं पदर तोंडात धरला होता.

"रगत कुटं? यो तांदूल हाय," म्हातारी म्हणाली. "अक्षता हाय, अक्षता! अरं, भटाच्या आधी मशीननंच अक्षता टाकली पोराच्या डोक्यावर!"

मांडवात एकच जल्लोष उठला. वाजंत्र्यानं न सांगता सनई लावली. गोटीरामनं मशीन पुसलं, दोन थेंब तेल सोडलं आणि उरलेली मान अशी कोरली की धर्मामामा आपल्या मानेवरून हात फिरवत म्हणाला, "माझी पन करशील का रं? मी तवाच बोललो होतो, मशीन चांगला हाय."

संध्याकाळी बांधावरून घरी येताना गोटीरामनं मागून येणाऱ्या सगुणाला विचारलं.

"हात लावू नको म्हनलो होतो ना?"

"हात नाय लावला," ती हळूच म्हणाली. "हळदीकुंकू लावला."

गोटीरामनं रागवायला तोंड उघडलं, आणि त्यातून हसूच बाहेर पडलं.

पुढच्या उन्हाळ्यात गोटीरामच्या दुकानात खुर्ची आली, आरसा टांगला गेला, आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकामागं बाकावर माणसं बसू लागली. पंढरी मुद्दाम बघायला आला. त्याच्यासमोरच करावे गावचा एक नवरदेव खुर्चीत बसला. त्याच्या बापानं बजावलं, "ते तांदलाचा इसरू नका. त्याच्याबिगर आमची म्हातारी पोराला मांडवात घेनार नाय."

"सगुणा, वाटी आन," गोटीरामनं हाक मारली. बुधवारचा उपास असलेली सगुणा वाटी घेऊन आली. एक लाल दाणा तिनं नवरदेवाच्या डोक्यावर वाहिला. मशीनपासून चार बोटं लांब.

"हे कसलं खूळ?" पंढरी हसला. "मी तुला तेल सांगितलं होतं, खुर्ची सांगितली होती. तांदूळ कधी सांगितला?"

"नाय सांगितलास," गोटीराम म्हणाला. "तुझं सलून कसं चाललंय?"

पंढरीनं बाकावरची माणसं मोजली. संध्याकाळी निघताना तो ओसरीवर घुटमळला. गोटीराम आत गेलेला बघून खालच्या आवाजात म्हणाला,

"वहिनी, जरा ते तांदूळ एका पुडीत बांधून देता का?"