म्हादबाच्या पाठीवरून युरोप

मुलांनो, एका जंगलात एक तळं होतं आणि त्या तळ्यात उतरायची कुणालाही परवानगी नव्हती.

पूर्वी होती. पूर्वी ते नुसतं तळं होतं. मग जंगल सुशोभीकरण समितीनं त्याला कठडा बांधला, मधोमध कारंजं बसवलं आणि पाटी लावली : 'निसर्गाचा आनंद घ्या. पाण्यात उतरू नका.'

याचा सगळ्यात जास्त त्रास म्हादबाला झाला. म्हादबा रेडा होता. वय मध्यम, पोट त्याहून जरा पुढे. उन्हाळ्यात रेड्याला पाण्यात बसावं लागतं. तो त्याचा छंद नसतो, गरज असते. दोन उन्हाळे म्हादबा कठड्यावर हनुवटी टेकून पाण्याकडे बघत उभा होता. त्याची कातडी जुन्या चपलेसारखी तडकली होती.

त्याच्या पाठीवर धवलराव बसत. धवलराव बगळे होते. दोघांची मैत्री जुनी. म्हादबाच्या कानातली गोचीड धवलराव टिपून खात. म्हादबाच्या कानाला आराम पडे, धवलरावांच्या पोटाला आधार होई. इतकी साधी मैत्री होती, की तिच्यात बोलावंसुद्धा लागत नसे.

पण त्या वर्षी कोल्हा दक्षिण युरोप हिंडून आला. पाठीवर एक पिशवी टाकून, समुद्राच्या काठाकाठानं, पायी. परत आल्यापासून त्याचं प्रत्येक वाक्य 'तिकडे' या शब्दानं सुरू होई. हरणं त्याच्याभोवती गोल करून बसत. मोरानं त्याला पिसाऱ्याचा पंखा घातला.

धवलरावांना रात्रभर झोप आली नाही.

"म्हादबा, आपण बॅकपॅकिंगला जायचं," सकाळी ते म्हणाले.

"तुम्ही उडून या की. पंख आहेत."

"उडून जातात ते पर्यटक. पायी जातात ते प्रवासी. आकाशातून मातीशी नातं जुळत नाही रे."

"मग चाला."

धवलरावांनी आपल्या काडीसारख्या पायांकडे पाहिलं. मग म्हादबाच्या पायांकडे पाहिलं.

"तिकडे समुद्र आहे, म्हादबा," ते हळूच म्हणाले.

म्हादबाचे कान उभे राहिले. "केवढा?"

"संपत नाही एवढा."

"कठडा?"

"समुद्राला कुणी कठडा घालतं का?"

"म्हणजे बसता येईल?"

"बस, लोळ, काय वाट्टेल ते कर. माझा शब्द."

म्हादबानं त्याच दिवशी बायकोचा निरोप घेतला.

ते तिथवर कसे पोहोचले, हे विचारू नका. गोष्टीत वाटेत डोंगर आणि वाळवंटं आली, तर ती पुढच्या परिच्छेदात ओलांडलेली असतात.

लिस्बन शहर टेकड्यांवर वसलेलं आहे. तिथले रस्ते गुळगुळीत दगडांचे आणि उभे चढणीचे. म्हादबा एक पाऊल वर टाकी आणि अर्धं खाली घसरे. त्याच्या पाठीवर पिशवी होती. पिशवीत चिवडा, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, रेनकोट, उशी आणि मार्गदर्शक पुस्तक होतं. पिशवीवर धवलराव होते.

"किती दमायला होतं नाही?" धवलराव म्हणाले. "पण यातच मजा आहे."

टेकडीच्या माथ्यावरून खाली नदीचं रुंद मुख दिसत होतं. पलीकडे समुद्र चकाकत होता.

"उतरायचं?" म्हादबानं विचारलं.

"आत्ता? वेडा आहेस का? अजून किल्ला राहिलाय. आणि समुद्र वरूनच छान दिसतो. हे म्हणजे अगदी आपल्या वरच्या माळासारखं आहे, नाही?"

"मग आपण वरच्या माळावरच..."

"हलू नकोस. फोटो हलतो."

धवलराव प्रत्येक ठिकाणी फोटो काढत. फोटोत मागे निळा समुद्र, मध्ये पांढरे धवलराव आणि खाली एक काळा पट्टा येई. तो काळा पट्टा म्हणजे म्हादबा.

सेव्हिलला फार ऊन होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याची झाडं होती. म्हादबानं एक संत्रं खाल्लं. ते इतकं कडू होतं की त्याला घरची आठवण झाली. मोठ्या चर्चपुढे भली मोठी रांग होती. रांगेत म्हादबा उभा राहिला आणि धवलराव बसले.

"धवलराव, डाव्या कानात गोचीड झालीय. जरा बघता?"

"आत्ता नको रे. उजेड इतका सुंदर पडलाय."

बार्सिलोनाला शहराला लागूनच वाळू होती आणि वाळूला लागून पाणी. माणसं, कुत्री, पोरंबाळं सगळी त्यात डुंबत होती. म्हादबाचे पुढचे दोन पाय आपोआप वाळूत गेले.

"छे छे छे!" धवलरावांनी त्याच्या डोक्यावर चोच आपटली. "इथं सगळेच येतात. हा खरा समुद्र नव्हे. खरा समुद्र पुढच्या गावात आहे, पुस्तकात दिलाय. तिथं फक्त तिथलेच लोक जातात."

"मग आपण कसे जाणार?"

धवलरावांनी पंख नीट केले. "तू फार प्रश्न विचारतोस," ते म्हणाले.

फ्रान्सचा किनारा लागला, तर तिथं गोटे होते. "तुला टोचतील," धवलराव कळवळून म्हणाले. जिनोआच्या पुढची गावं कड्यांना चिकटलेली होती. तिथं समुद्र खाली पायाशी होता आणि रस्ता म्हणून नुसत्या पायऱ्या होत्या. म्हादबा वर चढला, खाली उतरला, पुन्हा वर चढला. प्रत्येक वळणावर त्याला पाणी दिसे आणि प्रत्येक वळणावर धवलराव म्हणत, "पुढे."

मुलांनो, तुम्ही म्हणाल, म्हादबा चिडला कसा नाही? मित्रानं शब्द दिला होता. रेड्याला शब्द पचायला वेळ लागतो. तो बराच काळ रवंथ करतो.

असं करत ते नेपल्सच्याही दक्षिणेला गेले आणि म्हादबा एकाएकी थांबला.

त्याला वास आला. मातीचा, शेवाळ्याचा, कोमट पाण्याचा. एक नदी तिथं समुद्राला मिळत होती. वाटेत तिनं मोठी दलदल केली होती. त्या दलदलीतून दोन शिंगं आणि एक तृप्त चेहरा वर आलेला होता.

म्हैस होती. चक्क म्हैस. अगदी त्याच्या मावशीसारखी.

"कुठून आलास रे बाबा?" म्हशीनं विचारलं. तिचं नाव रोझालिया. भाषा वेगळी होती, पण गुरांना चिखलाकाठी भाषेची अडचण येत नाही.

"लांबून. चालत."

"अगोबाई! आणि काय काय पाहिलंस?"

म्हादबानं आठवून पाहिलं. "पायऱ्या," तो म्हणाला.

"आमच्याकडेही येतात लोक. आमच्या दुधाचं चीज खातात, या चिखलाचे फोटो काढतात आणि निघून जातात."

"पाण्यात बसत नाहीत?"

"त्यांना वेळ नसतो. तुला आहे?"

म्हादबा आत गेला. आधी गुडघे टेकले, मग बूड टेकलं, मग पोट. दोन उन्हाळ्यांची कातडी पाण्यात भिजली आणि म्हादबाच्या तोंडून असा आवाज निघाला, की काठावरची बदकं बाजूला झाली.

पिशवी बुडाली. मेतकुटाचा पाण्यावर एक मोठा पिवळा गोल झाला. धवलराव फडफडत हवेत उडाले. सगळ्या प्रवासात पहिल्यांदाच.

"म्हादबा, ऊठ! अजून सिसिली आहे! ग्रीस आहे!"

"असू दे."

"अरे, तुझ्याशिवाय माझा प्रवास अर्धा राहील. एवढ्या वर्षांची मैत्री आपली!"

म्हादबाला वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्यानं पुढचे पाय चिखलात रोवले, कमरेत जोर आणला. रोझालिया बाजूला सरली.

"शाब्बास!" धवलराव वरून ओरडले. "उठतोच आहेस तर आधी पिशवी घे. पुस्तक भिजतंय."

म्हादबा पुन्हा खाली बसला.

"धवलराव," तो शांतपणे म्हणाला, "तुम्हीच या. पाठ रिकामी आहे. बसा पूर्वीसारखे. फक्त पुढं कुठं जायचं नाही."

धवलराव खाली आले. पाठीवर बसले. सवयीनं त्यांनी म्हादबाच्या डाव्या कानातली एक गोचीड टिपली. क्षणभर दोघांना फार बरं वाटलं. वारा येत होता. कुणी काही बोलत नव्हतं.

मग धवलरावांना कोल्हा आठवला.

ते उडाले आणि थेट घरी आले. परतीचा प्रवास सरळ रेषेत, एकदम सोपा झाला.

तळ्याच्या कठड्यावर त्यांचं भाषण झालं. विषय होता, 'माझी पावलं, माझा युरोप'. हरणं गोल करून बसली. मोरानं पंखा घातला. कोल्हा मागे बसून नखं कुरतडत होता.

"तिकडे पायी हिंडा," धवलराव म्हणाले. "पाय दुखतील. पण थांबू नका."

"तुमचे दुखले?" एका पाडसानं विचारलं. आईनं त्याला गप्प केलं.

"आणि आमचे हे?" म्हादबाची बायको मागून ओरडली.

धवलरावांनी खेदानं मान हलवली. "वहिनी, प्रवासाची आवड असावी लागते. तो एका जागी बसून राहिला."

"कशात?"

"पाण्यात."

हरणांनी हळहळ व्यक्त केली. म्हशींच्या घोळक्यात मात्र एकदम सगळ्यांचे कान उभे राहिले.

त्यानंतर जंगलातल्या प्रत्येक बगळ्याला युरोपला जायचं होतं. प्रत्येक बगळा एकेका म्हशीला विचारायला गेला. म्हशींनी एका शब्दानं तक्रार केली नाही. पिशव्या पाठीवर घेतल्या, वर बगळे घेतले आणि ओळीनं निघाल्या. सगळ्यांत पुढे म्हादबाची बायको होती. उन्हाळा संपता संपता बगळे परत आले. सगळ्यांची भाषणं झाली.

म्हैस एकही परत आली नाही.

आता त्या जंगलात बगळे जमिनीवर उभे राहतात. तळ्याचं पाणी अगदी स्वच्छ आहे.

तात्पर्य : पायी हिंडल्याशिवाय जग कळत नाही. पाय मित्राचे असले तरी चालतात. फक्त त्याला वाटेत पाणी दाखवू नये.