उतारादेवीच्या सुतकाचे वर्तमान

॥ वीसमुखी फाशाची कृपादृष्टी असो ॥

शके एकोणीसशे तीस, सर्वधारी नाम संवत्सर, भाद्रपद मास, ते समयी एका थोर राज्यात एका दिवसात शंभर वर्षे लोटली, ते कैसे घडले, रयत कैसी बिथरली आणि सांगली मुक्कामी आमचे फडावर काय प्रसंग गुदरला, हे जैसे पाहिले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण नावावर हुजुरांचा, म्हणजे पुस्तके छापणाऱ्या कंपनीचा, शिक्का आहे आणि हुजुरांचे वकील फार तिखट. राज्य म्हणावे तर कागदाचे. त्यातील डोंगर, नद्या, राक्षस, मांत्रिक आणि देव सर्व छापील पुस्तकात नांदतात, आणि खेळणारे मेजाभोवती बसोन एकेक पात्र घेतात, कोणी शिपाई, कोणी चोर, आणि सूत्रधार सांगेल ते संकट येते आणि वीस तोंडांचा फासा पडेल तैसे निभावते. बाहेरचे लोक यास पोरखेळ म्हणतात. म्हणोत बापडे, त्यांचे क्रिकेट आम्ही पाहतोच की.

आमचे फडावर असामी चार. सूत्रधार हेरंबपंत रिसबूड, बँकेत अधिकारी, स्वभावे काटेकोर, त्यांचा दंडक एकच की छापले ते घडले, आणि या दंडकापायी एकदा खुद्द त्यांचे पाहुण्यांचे पात्र पहिल्याच दिवशी मेले तरी पंत हलले नाहीत. दुसऱ्या सुनेत्राबाई चौबळ, शाळेत भूगोल शिकवीत, राज्यात त्या उतारादेवीच्या पुजारीण. ही देवी नदीच्या उताराची, नावाड्यांची, लहानशी. मूळ नाव जिभेस वळेना म्हणोन आम्हीच तिला उतारादेवी केले. पुस्तकात तिला चार ओळी, आणि त्या चार ओळींवर बाईंनी अकरा वर्षे पूजा चालविली, नैवेद्य काय, ओटी कधी भरावी, कोणता नावाडी नवस बोलोन फेडीत नाही, सर्व आपले मनचे रचोन. तिसरे जयसिंगराव घाटगे, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकानदार, राज्यात चोर, देवाधर्माचे नाव नाही. चौथे आम्ही, तेथे आचारी. आम्हास लढाईपेक्षा चौकशीची हौस, कोणाचे चुलीवर काय शिजते ते झाकण उचलोन पाहावे, खोड आहे ती आहे.

फडाची एक चाल होती, ती सांगितल्याविना पुढील मजकूर कळणार नाही. कोणाचे पात्र मेले तर त्याचे धन्याने सुतक धरावे, पुढील रविवारी फासा हाती घेऊ नये, सर्वांस चहा करोन द्यावा, मग सूत्रधाराने मृत्यूची तिथी उच्चारावी आणि प्रत्येकाने मेल्याचे एकेक कृत्य बोलावे. मगच त्याने नवे पात्र घ्यावे. ही चाल कोणी घातली ते स्मरत नाही, परंतु चुकली कधी नाही.

तो त्या साली हुजुरांनी साता समुद्रापलीकडील कचेरीतून नवे पुस्तक काढिले. राज्य जुनाट जाहले, नव्या खेळणारांस समजत नाही, ऐसे मनात आणोन शंभर वर्षे पुढे ढकलिली, तीन नगरे बुडविली, समुद्र सरकविला, राजे आजाराविना मारिले आणि निम्मे देव पोथीतून उडविले. हे वर्तमान फुटताच संगणकाच्या चावडीवर मुलूखभरची रयत जमली आणि जो गिल्ला जाहला तो काय सांगावा. कोणी पुस्तक जाळोन त्याचे चित्र लाविले, कोणी पुसे की शंभर वर्षे गेली तर माझे पात्राने बांधोन ठेविलेल्या बोकडाचे काय, त्यास दाणावैरण कोणी घातली. कोणी नवा पक्ष धरोन बोलिले की बरे जाहले, जुन्या खोडांची मिजास उतरली. ज्यांनी पुस्तक उघडिलेही नव्हते त्यांचा आवाज सर्वांहून मोठा. आम्ही जेवण सोडोन वाचीत बसलो, कारण एवढी माणसे न पाहिल्या गावासाठी रडतात हे काय गौडबंगाल आहे, याचे आम्हास फार नवल वाटले.

मग पंतांनी पुस्तक फडावर आणिले आणि वाचिले की उतारादेवी मरण पावली. एवढेच. सुनेत्राबाई म्हणाल्या, "कशानं?" पंत म्हणाले, "ते दिलेलं नाही." बाई म्हणाल्या, "अरे, आमच्या गल्लीत मांजर मेलं तरी कशानं मेलं ते सांगतात. ही देवी होती." जयसिंगराव हसोन म्हणाले, "आपल्याला चालतंय बुवा. नवीन शहरं, नवीन कुलपं." तेव्हा बाईंनी त्यांजकडे ऐसे पाहिले की रावांनी चिवड्यात मान घातली. बाई पंतांस म्हणाल्या, "देवीच नाही तर मी इथे कोण? तू म्हणशील तर सुतक धरते, चहा करते, पण त्यानंतर यायची नाही." पंतांचा चेहरा उतरला. बाई गेल्या तर फड मोडतो आणि छापील मोडले तर अकरा वर्षांचे सर्व निवाडे खोटे पडतात, ऐसा पेच. पंत रात्रंदिवस कष्टी, बँकेतही लक्ष लागेना, ऐसे त्यांचे कुटुंबाने आम्हास सांगितले.

इतक्यात कळले की हुजुरांचा एक लेखक पुणे मुक्कामी पुस्तकांच्या दुकानात येणार, ज्याने देव मारिले तो खासा. मग चौघेही एस.टी.ने दरकूच निघालो, कराडास चहा घेतला आणि दुकानी पावलो. लेखक गोरा, तरुण, नम्र, घामाघूम. बाईंनी त्याचे भाषेत विचारिले की उतारादेवीने तुमचे काय वाकडे केले होते. तो दचकला, मग आठवोन बोलिला, त्याचा तर्जुमा ऐसा: "माफ करा. देव फार झाले होते, कमी करायला सांगितलं होतं. तिच्याबद्दल इतक्या वर्षांत एकाही खेळणाऱ्यानं आम्हाला काही विचारलं नव्हतं. वाटलं, तिला कोणी नाही." बाई म्हणाल्या, "मी होते." तो रुमालाने घाम पुसो लागला. भांडावयास गेलेल्या बाईंस त्याची दया आली आणि त्यांनी त्यास पाणी हवे का म्हणोन विचारिले. परतीचे वाटेत त्या खिडकीस डोके टेकोन बसल्या आणि आम्हास फार वाईट वाटले.

पुढील रविवारी बाई आल्या, फासा पिशवीतच ठेविला, स्वयंपाकघरात जावोन चहा केला आणि सर्वांपुढे कप ठेवोन म्हणाल्या, "हेरंब, तिथी सांग. उरकून टाकू." पंतांनी पुस्तक उघडिले. चाल म्हणजे चाल, तिथीविना सुतक नाही, आणि गडबडीत हे कोणीच पाहिले नव्हते. पंतांनी पान पुढे उलटिले, मागे उलटिले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "शंभरातल्या साठाव्या वर्षी मेली असं छापलंय." बाई म्हणाल्या, "बरं, मग?" पंत म्हणाले, "आपला खेळ अजून पहिल्या वर्षाच्या अलीकडेच आहे. सुनेत्रा, सुतक लागत नाही. ती जिवंत आहे." जयसिंगराव धंद्याचा माणूस, त्यांनी तोंडी हिशेब केला आणि म्हणाले, "अकरा वर्षांत आपण तिकडची दोन वर्षं खेळलो. या चालीनं साठावं साल यायला तीनशे तीस वर्षं लागतील, तोवर आपल्या नातवंडांची नातवंडंही उरायची नाहीत." छापील एक अक्षर मोडले नाही आणि देवी वाचली. पंत ऐसे हसले की चहा बशीत सांडला.

बाई हसल्या नाहीत. फासा काढोन बसल्या आणि खेळ सुरू जाहला. त्या दिवशी पुजारीण उतारावर पोहोचली, तेथे म्हातारा नावाडी, त्याचे बोलणे पंत बोलत. नावाडी पुसे, "बाई, देवीकडं काय मागू?" सुनेत्राबाई म्हणाल्या, "आज काही मागू नकोस. आज तिला विचार, तुला काय हवं म्हणून." पंत चार ओळींकडे पाहत राहिले. त्यात हे नव्हते. मग त्यांनी पुस्तक मिटोन बाजूस ठेविले, जे आम्ही अकरा वर्षांत पाहिले नव्हते, आणि म्हणाले, "मला माहीत नाही. तू सांग."

बाई म्हणाल्या, "सोबत." आणि त्यांचे डोळे भरले. तेव्हा नावाड्याने होडी बांधोन देवळाची वाट धरिली, आम्ही आमचा आचारी पायरीपाशी नेऊन बसविला, आणि जयसिंगरावांनी, ज्यांचे चोराने आजवर देवळात पाय ठेविला तो दानपेटीकरिता, आपली सोंगटी उचलोन मुकाट्याने आत ठेविली.

एवंच, रयतेचा तंटा चावडीवर अद्याप चालू आहे आणि बोकडाचा निकाल लागला नाही. देवीचे मरण छापलेले आहे, ते टळणार नाही. आजमितीस देवी सुखरूप. भक्त चार.