भिंतीवर लिहू नये

सिंधुबाई दिवसभरासाठी बहिणीकडे मनमाडला गेल्या आणि इकडे सातपूरला वाल्मीक पेंटरचे हात शिवशिवायला लागले. गेल्या वर्षी शिडीवरून पडून त्यांच्या पायात रॉड बसला होता. तेव्हाच बाईंनी बजावलं होतं, “परत शिडीवर दिसलात तर मी कायमची मनमाडला जाईन. मग करा भिंतींशी संसार!” सिंधुबाई शब्दाच्या पक्क्या होत्या.

पण समोरच्या पंपहाऊसची भिंत नुकतीच पांढरीशुभ्र झाली होती, आणि ती कोरी भिंत वाल्मीकभाऊंना बघवेना. काय दिवस होते ते! निवडणूक लागली की गेरूने ‘राखीव’ लिहून भिंती धरायच्या, पोलिसांची गाडी दिसली की डबे टाकून पळायचं. एकदा पेठ रोडला विरोधी पार्टीवाल्यांनी खालून शिडीच पळवली, तर हा गडी दोन तास छज्ज्यावर अडकला. तेवढ्या वेळात त्याने निशाणीला दुसरा हात मारून घेतला. मग फ्लेक्स आले आणि भिंती मुक्या झाल्या.

भरदुपारी त्यांनी शिडी लावलीच. उगाच महापालिकेची नोटीस नको, म्हणून कोणाचीच हरकत येणार नाही असा मजकूर निवडला: ‘या भिंतीवर लिहिण्यास सक्त मनाई आहे.’ लाल अक्षरं, त्याला पिवळी सावली. संध्याकाळी घरी येऊन चहा टाकल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की चाळीस वर्षांच्या सवयीने हाताने कोपऱ्यात सहीही ठोकली होती: ‘वाल्मीक आर्ट्स’.

ते पुसायला धावले, तर भिंतीपाशी महापालिकेचे अश्विनसाहेब उभे.

“हे तुम्ही लिहिलं, काका?”

“मी? पायात रॉड आहे साहेब!”

“अरेरे! आमच्या मोठ्या साहेबांना फोटो पाठवला, तर ते खूश. वॉर्डातल्या सगळ्या भिंती याच हाताने लिहून घ्या म्हणाले.”

वाल्मीकभाऊंना ‘मीच तो’ म्हणावंसं वाटलं, पण डोळ्यांसमोर मनमाडची गाडी दिसली. त्यांनी रंगाचे हात पाठीमागे लपवले.

जमलेल्या गर्दीतून फ्लेक्सवाला दत्तू पुढे सरकला. “मीच लिहिलं साहेब. भाऊ माझे गुरू, म्हणून खाली त्यांचं नाव टाकलं.”

“मग याच्याखाली ‘हुकमावरून’ लिहा बरं.”

दत्तूने ब्रश घेतला. त्याचा ‘ह’ गोगलगाईसारखा भिंतीवर पसरला. वाल्मीकभाऊंनी दातओठ खाल्ले. पण त्या ‘ह’ला उकार लागला तसा त्यांचा धीर सुटला.

“ठेव तो ब्रश, मेल्या! अरे, मी लिहिलंय ते! आज दुपारी, शिडीवर चढून, एकट्याने!”

“एकट्याने?” मागून आवाज आला.

रिक्षातून सिंधुबाई उतरत होत्या. त्यांनी भिंत पाहिली, नवऱ्याचे रंगाने माखलेले हात पाहिले आणि त्याचा उजळलेला चेहराही पाहिला. वर्षभरात तो असा दिसला नव्हता.

“बाई, वॉर्डातल्या सगळ्या भिंती यांच्याकडूनच लिहून घ्यायच्यात,” अश्विनसाहेब म्हणाले.

“साहेब, करतील हे तुमचं काम,” त्या म्हणाल्या. “पण पाय जमिनीवरून उचलायचा नाही.”

आता वॉर्डातल्या प्रत्येक भिंतीवर मनाईचा मजकूर कमरेएवढ्या उंचीवर असतो. वाल्मीकभाऊ पाटावर बसून लिहितात आणि सिंधुबाई शेजारी खुर्ची टाकून पहारा देतात. परवा मोठे साहेब स्वतः पाहायला आले. वाचण्यासाठी त्यांना भिंतीपुढे चांगलंच वाकावं लागलं.

“बघितलंस?” वाल्मीकभाऊ बायकोच्या कानात म्हणाले. “चाळीस वर्षं छपरापर्यंत चढलो, पण माझ्या अक्षरांपुढे असं कोणी वाकलं नव्हतं!”