दुकानात चालतो, घरात मरतो

यंत्र म्हणजे काय, ते चनमल्लप्पाला विचारा! टॉवेलच्या कारखान्यात त्याचं उभं आयुष्य जॉबर म्हणून गेलं. माग अडला की कामगार त्याला हाक मारणार, हा स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवून दांडा कानाला लावणार आणि डॉक्टरसारखे डोळे मिटून सांगणार, "धोटा रुसलाय." आता निवृत्त होऊन कुंभारी गावात राहायला आल्यावर ऐकायला माग उरला नव्हता. कान मात्र तेवढेच तल्लख होते, आणि तीच पंचाईत होती.

दसऱ्याच्या सकाळी मुलगी भुवनेश्वरी घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली, "अप्पा, लॅपटॉप चालूच होईना!"

चनमल्लप्पाचा चेहरा असा उजळला की बघणाऱ्याला वाटावं, पोरीचं लग्न ठरलं!

"सरक बाजूला. यंत्र ते यंत्र. मागाला दोरा लागतो, ह्याला वायर, एवढाच फरक!"

पोरीचा जीव मात्र टांगणीला लागला होता. अकरा वाजता तिची मुलाखत होती. कंपनीची गिऱ्हाइकं परदेशातली, त्यांना कुठला दसरा! कॉम्प्युटर अडलेल्या लोकांना फोनवरून वाट दाखवायची, अशी ती नोकरी. दोन ठिकाणी नकार पचवून झाला होता. मोबाईलवर चालणार नाही, लॅपटॉपच हवा, असं कंपनीनं बजावलेलं. आणि हा लॅपटॉप कसला, तर मामेभावानं वापरून वापरून दमवलेला! बॅटरी कधीच मेलेली. वायर भिंतीला लावली तर जिवंत, काढली की खलास.

चनमल्लप्पानं प्लग काढून पुन्हा लावला. काही नाही. स्वयंपाकघरातल्या पॉइंटला लावला. तिथंही मुका.

"घरात करंट तरी हाय का?" चुलीपुढून शिवबाईनं विचारलं.

"पंखा काय वाऱ्यानं फिरतोय व्हय?" नवऱ्यानं वर बोट केलं. "रोग ह्याच्या पोटात हाय."

"मग माझा मिक्सर पण का गप हाय? शेंगाची चटणी खलबत्त्यात कुटतेय मी सणासुदीचं!"

"काल पूजेत त्याला गंध लावताना पाणी गेलं असंल. एका वेळी एक पेशंट, शिवबाई!"

काल खंडेनवमी होती. घरातली सगळी हत्यारं आणि यंत्रं पाटावर मांडून त्यांना विभूतीचे पट्टे ओढले होते, झेंडू वाहिले होते. पाने, पक्कड, विळी, मिक्सर, आणि पोरीच्या हट्टानं लॅपटॉपसुद्धा! पूजेतलं यंत्र पूजा उतरेपर्यंत चालवायचं नाही, हा कारखान्यातला नेम चनमल्लप्पा घरातही कडक पाळायचा. सकाळी शिवबाईनं पूजा उतरवली आणि ज्याची त्याची वस्तू जागेवर गेली.

चनमल्लप्पानं स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. लॅपटॉपच्या पोटात शुकशुकाट.

"काय म्हणतोय?" भुवनेश्वरीनं श्वास रोखून विचारलं.

"काहीच म्हणत न्हाय. म्हंजे लईच आतलं दुखणं हाय!"

आणि खरं सांगायचं तर, त्याला कधीपासून बघायचंच होतं की ह्या चपट्या डब्यात असतं तरी काय. माणसाच्या जमेच्या बाजूला कुतूहल असावं, पण ह्या गृहस्थाची दुसरी बाजूही कुतूहलानंच भरलेली! पोरगी "अप्पा, नको!" म्हणेपर्यंत लॅपटॉप पालथा पडला आणि पाठ उघडली. आतून शेंगदाण्याची टरफलं निघाली, अर्धा चिरमुरा निघाला, आणि एक मुंगी निघाली, ती कुणाच्या बापाची भीती नसल्यासारखी चालत गेली.

"लॅपटॉपवर जेवतीस काय गं?" शिवबाई कडाडली.

"अव्वा, आत्ता ते राहू दे की!"

चनमल्लप्पानं फुंकर मारली, पाठ बसवली. तरी मुका. उलट ताटलीत दोन स्क्रू उरले.

"हे कुठले?"

"जास्तीचे. कंपनी देतेच की!" असं म्हणून त्यानं ते खिशात टाकले.

शेवटी पोरीनं लॅपटॉप उचलला आणि कोपऱ्यावरच्या सिदूच्या मोबाईल दुकानात नेला. मागोमाग चनमल्लप्पा, 'त्याला काय कळतंय' असं पुटपुटत. सिदूनं दुकानाला नुकतं तोरण बांधलं होतं. त्यानं वायर बोर्डात खुपसली, बटण दाबलं. लॅपटॉप टुंग करून उठला!

"काय झालंय ह्याला? चांगला तर हाय," सिदू म्हणाला.

"माझ्या फुंकरीनं!" चनमल्लप्पानं तिथल्या तिथं श्रेय घेतलं. "उशिरा लागू पडली."

बापलेक हसत घरी आले. लॅपटॉप टेबलावर ठेवला, वायर लावली, बटण दाबलं.

मुका!

एव्हाना शेजारची नागव्वा कढीपत्ता मागायला आली होती. "एन आतु?" तिनं विचारलं. काय झालं ते शिवबाईनं सांगितलं तशी तिनं कपाळाला हात लावला. "दुकानात चालतो, घरात मरतो! अगं बाई, माझ्या सुनेचं असंच हाय. माहेरी टुणटुणीत, हितं आली की डोकं धरती!"

"दिष्ट लागली असंल," शिवबाई म्हणाली. तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. लॅपटॉपवर परिणाम शून्य. मग ती देवघरापुढं जाऊन हात जोडून बसली. चनमल्लप्पानं टेबलाचं तोंड पूर्वेला केलं, मग उत्तरेला. यंत्राला दिशा मानवत नसेल, हा त्याचा नवा शोध!

"अप्पा, साडेदहा वाजले!" भुवनेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी सिदूकडंच बसते. तिथं तरी चालतोय."

मुलाखत झाली ती अशी. मागं काचेच्या कपाटात मोबाईलची कव्हरं टांगलेली. बाहेर गिऱ्हाईक "स्क्रीनगार्ड हाय का?" म्हणून ओरडतंय, आणि सिदू त्याला तोंडावर बोट ठेवून हाकलतोय. चनमल्लप्पा स्टुलावर, हात मांडीवर, परीक्षा आपलीच असल्यासारखा. पडद्यावरच्या मॅडम मराठी होत्या, पण आवाज करवतीचा. दोन-चार प्रश्नांना पोरगी अडखळली. मग मॅडम म्हणाल्या, "समजा, गिऱ्हाइकाचा फोन आला. लॅपटॉप सुरूच होत नाही म्हणतोय. पहिला प्रश्न काय विचाराल?"

सकाळपासूनचं सगळं घर भुवनेश्वरीच्या डोळ्यांपुढून फिरून गेलं.

"मॅडम, मी विचारेन, घरात मिक्सर चालतोय का?"

"मिक्सर?"

"व्हय... म्हणजे, हो मॅडम. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच सकाळी मरत नाहीत. दोन्ही गप असतील तर लॅपटॉपला हातच लावायचा नाही. भिंतीतून करंट येतोय का ते बघायचं."

"पण गिऱ्हाईक म्हणतंय, पंखा फिरतोय, करंट आहे."

"पंख्याची लाइन वेगळी असेल. प्लगचा फ्यूज उडालाय का, नाहीतर कुणी काढून ठेवलाय का, ते विचारेन."

मॅडम पहिल्यांदाच हसल्या.

इकडं स्टुलावर चनमल्लप्पा ताठ झाला. फ्यूज! कारखान्यात खंडेनवमीला तो मागांचे फ्यूज काढून पूजेत ठेवायचा, कुणी घाईचा विणकर चुकून पूजेतला माग सुरू करायला नको म्हणून. हाताला लागलेली सवय! काल घरीही त्यानं प्लगच्या लाइनीचा चिनी मातीचा पांढरा फ्यूज बोर्डातून उपटून पाटावर ठेवला होता. आणि मग विसरला होता.

"सिदू, मी जरा... जाऊन आलो," असं म्हणून तो निघाला तो जवळजवळ पळतच.

घरी पाट रिकामा. झेंडू नाहीत, फ्यूज नाही.

"शिवबाई! काल पूजेत एक पांढरं, एवढंसं... कुटं गेलं?"

"कुटं जाईल? देवघरात ठेवलंय की!"

चनमल्लप्पानं वाकून बघितलं. देवांच्या रांगेत फ्यूज बसला होता. विभूतीचे तीन पट्टे, डोक्यावर ताजा झेंडू, पुढं गुळाचा खडा.

"अगं, हा फ्यूज हाय!"

"मला काय ठाऊक? तुमीच काल एवढ्या भक्तीनं पाटावर ठेवला. मला वाटलं, कारखान्यातला तुमचा कुठला देव असंल. अन् सकाळपासनं मी ह्यालाच हात जोडतेय की, पोरीचं यंत्र चालू कर म्हणून!"

झेंडू बाजूला ठेवून चनमल्लप्पानं फ्यूज बोर्डात बसवला. त्याबरोबर स्वयंपाकघरात मिक्सर गुरगुरून उठला. बटण सकाळपासून चालूच राहिलेलं! निम्मे दाणे भांड्यातच राहिलेले, आणि वर झाकण नव्हतं. शेंगाची चटणी छतापर्यंत गेली, आणि नेमकी त्याच वेळी भुवनेश्वरी लॅपटॉप छातीशी धरून दारात आली.

"अव्वा! घेतलं मला! मिक्सरचं उत्तर लई आवडलं त्यांना!"

चटणीनं माखलेल्या शिवबाईनं फ्यूजच्या बोर्डाकडं बघून हात जोडले. "पावला गं बाई, पावला!"

भुवनेश्वरीनं बोर्डाकडं बघितलं, बापाकडं बघितलं, आणि तिला सगळं समजलं. "अव्वा, पुढच्या खंडेनवमीला ह्या देवाला अप्पांच्या हाती लागू देऊ नको."

"बघ, मी म्हणत नव्हतो?" चनमल्लप्पा छताकडं बघत म्हणाला. "लॅपटॉपात दोष नव्हताच!"

"आता हाय," पोरगी म्हणाली आणि तिनं लॅपटॉप उलटा केला. पाठ एका कोपऱ्यात लटकत होती. "ते दोन स्क्रू द्या."