आप्पांच्या गावात जाहिरातीला जागा

आप्पांच्या घरात पाय ठेवायचा तर आधी खाली बघावं लागतं. दारापासून फरशीवर दोन पिवळे पट्टे निघतात, सोफ्याला वळसा घालतात आणि स्वयंपाकघरापर्यंत जातात. माणसांनी पट्ट्यांच्या आतून चालायचं, सामानाने बाहेर राहायचं. चपला, टीपॉय, गॅसचं सिलिंडर, प्रत्येकाला आपापली रंगवलेली चौकट आहे. एकदा एक झुरळ पट्ट्याबाहेरून चाललेलं मी स्वतः पाहिलं. आप्पांनी नुसतं खाकरल्याबरोबर ते मुकाट्याने आत आलं आणि सरळ रेषेत चालू लागलं. माझी बायको म्हणते, असं काही झालेलं नाही. पण ती तेव्हा भाजी आणायला गेली होती.

आप्पा मूळचे दोंडाईच्याकडचे. सिल्वासात कारखान्यांची नुसती सुरुवात होती तेव्हा ते इथे आले आणि जवळच्या सायली गावातल्या एका सूत कारखान्यात चिकटले. कुठलं मशीन कुठे उभं करायचं, दोन मशिनांच्या मधून माणूस आणि ढकलगाडी कशी जाईल, हे ठरवणं त्यांचं काम. "रस्ता मोकळा पाहिजे," हे त्यांचं आयुष्याचं सार. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांना ते हे वाक्य ऐकवतात. स्मशानात एकदा खांदेकऱ्यांना ऐकवलं होतं. आमच्या सामरवरणीच्या बिल्डिंगमध्ये जिन्यात कुणी सायकल लावली, तर आप्पा तिच्याशी असं बोलतात की बिचारीची हवा जाते.

मला ते नावाने हाक मारत नाहीत. मी रत्नागिरीकडचा, इथे सरकारी नोकरीत आलो, म्हणून मी कोकण. "काय कोकण, जेवलात का?" खालच्या मजल्यावरचे हिंगोलीचे गृहस्थ म्हणजे मराठवाडा. आमच्या जिन्यात सकाळी सगळा महाराष्ट्र दूध घ्यायला उतरतो.

रस्त्यानंतर आप्पांची दुसरी गोष्ट म्हणजे खरेपणा. गावच्या एसटी स्टँडवरचा निंब उजव्या हाताला होता की डाव्या, यावरून त्यांचं आणि इथे राखोलीला राहणाऱ्या एका गाववाल्याचं वाजलं. आप्पांनी गावी फोन लावला, माणूस स्टँडवर पाठवला, त्याला रस्त्याकडे तोंड करून उभं केलं आणि विचारलं, "आता निंब तुझ्या जेवायच्या हाताला आहे का?" निंब डावीकडे निघाला. गाववाल्याने माफी मागितली. माझ्या ऐकिवात असं आहे की निंबाचीही मागायला लावली.

तर असा हा माणूस ब्लॉग लिहायला लागला, तो काकूंमुळे, म्हणजे त्यांच्या बायकोमुळे.

सुमनकाकू विसरायला लागल्या होत्या. आधी गॅस, मग किल्ली, मग आमचा मजला. एकदा त्या वरच्या मजल्यावर जाऊन बसल्या आणि त्या घरच्या सुनेला पोळ्या जाड झाल्या म्हणून रागावल्या. सून समंजस, तिने पुढच्या पातळ लाटल्या. आजचं, कालचं काकूंच्या हातातून निसटायचं, पण लहानपणचं गाव मात्र जागच्या जागी होतं. डॉक्टर म्हणाले, त्यांना जुन्यात रमू द्या, वाचू द्या, मोठ्याने वाचू द्या.

मग आप्पा रोज सकाळी काकूंच्या माहेरचा एक तुकडा लिहायचे. वाळत घातलेल्या मिरच्यांचं अंगण, आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा झोका, वडिलांची पहाटेची शीळ. संध्याकाळी काकू फोनवर तो वाचायच्या. वाचता वाचता त्यांचा आवाज उघडायचा. धागा शेवटपर्यंत टिकला, तर पुढची सगळी संध्याकाळ काकू आपल्यात असायच्या. चहात साखर कमी म्हणायच्या, आप्पांना चार गोष्टी सुनवायच्या, माझ्या बायकोला "ह्या कोकणाला मासे सोडून काही कळतं का गं?" असं विचारायच्या. पण मध्येच धागा तुटला, की त्या फोन मांडीवर ठेवायच्या, पदर सारखा करायच्या आणि विचारायच्या, "आते आपण कवा निघानं?" आता कधी निघायचं. कुठे, ते त्यांना सांगता यायचं नाही. मग ती संध्याकाळ गेलीच. आप्पा त्या संध्याकाळी पट्ट्यांवरून नुसते ये-जा करायचे.

मी विचारलं होतं, "आप्पा, साध्या कागदावर लिहून द्या की."

"कागदावर म्हणजे घरचं झालं. ती म्हणेल, तुमचंच अक्षर, त्यात काय वाचायचं. छापल्यासारखं दिसलं पाहिजे. तिच्या बापाच्या ओट्यावर पेपर यायचा, अख्खी गल्ली ऐकायला बसायची."

आणि या पेपरानेच घोळ केला. एके दिवशी काकूंनी मजकूर वाचून संपवला, बोटाने पान वर-खाली केलं आणि म्हणाल्या, "याच्यात जाहिरात नाही?"

"नाही."

"एकपण नाही? मग खपत नसेल हो तुमचा पेपर."

आप्पांचा चेहरा मी पाहिला. कारखान्यात संप झाला तेव्हाही तो असा पडला नव्हता. काकूंच्या हिशेबाने जाहिरात नाही म्हणजे पेपर खोटा, आणि पेपर खोटा म्हणजे त्यातलं गावही कुणीतरी रचलेलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी तो वाचायला घेतला नाही.

सिल्वासात हितेशभाई म्हणून एक गृहस्थ कॉम्प्युटरचे क्लास चालवतात. आप्पा मला घेऊन त्यांच्याकडे गेले. हितेशभाईंनी ब्लॉगला जाहिराती जोडून दिल्या आणि मंत्र दिला, "आप्पा, ज्यां अंगूठो, त्यां एड." वाचणाऱ्याचा अंगठा जिथे टेकतो तिथेच जाहिरात ठेवायची.

"म्हणजे चालत्या माणसाच्या पायात?"

"पायात नाय आप्पा, नजर में."

"मी आयुष्यभर लोकांच्या पायातलं उचललं," आप्पा म्हणाले, "आणि तुम्ही मला ते ठेवायला शिकवता."

तरीही जागा ठरवायचीच होती. आप्पांनी हॉलमधलं कॅलेंडर उतरवून त्या जागी ब्लॉगच्या पानाचा पुरुषभर उंचीचा नकाशा लावला, त्यावर पुठ्ठ्याची एक जाहिरात टाचणीने लावली आणि येईल त्याला समोर उभं करून वाचायला लावलं. दूधवाला, मीटर बघणारा, मराठवाडा, कुणीही सुटला नाही. आप्पा शेजारी उभे राहून त्यांच्या डोळ्यांच्या बुबुळांवर नजर ठेवायचे. मीटरवाल्याने त्यानंतर आमच्या बिल्डिंगचं रीडिंग रस्त्यावरून घ्यायला सुरुवात केली, असं म्हणतात.

पण खरी परीक्षा संध्याकाळची, काकूंची.

पहिल्यांदा जाहिरात सगळ्यात वर ठेवली. काकूंनी वाचलं, "पाठदुखीवर खात्रीशीर गादी." मग सगळं अंगण, सगळ्या मिरच्या वाचून झाल्यावर म्हणाल्या, "चांगलं लिहिलंय, पण गादी आलीच नाही." आणि त्या गादीची वाट बघत बसल्या.

मग बाजूला ठेवली. कॉम्प्युटरवर ती बाजूलाच दिसायची, शहाण्या मुलीसारखी. फोनच्या पानाला बाजू कुठली असायला? ती घसरून कुठेतरी खाली पडली आणि काकूंच्या मामाच्या बैलगाडीत जाऊन बसली.

मग दोन परिच्छेदांच्या मध्ये. मजकुरात काकू नरडाणा स्टेशनवर गाडीत बसल्या, छान चालल्या होत्या, आणि मध्येच गुडघ्याचं तेल आलं. त्या तेलापाशी उतरल्या त्या उतरल्याच. "आते आपण कवा निघानं?"

एक प्रकार असा की जाहिरात पानाच्या तळाला चिकटून राहते, पान हललं तरी ती हलत नाही. काकूंना वाटलं, काचेवर काही सांडलंय. त्यांनी ती पदराने पुसली, मग ओल्या फडक्याने पुसली, मग फोन राखेने घासायला निघाल्या. आप्पांनी तो हातातून काढून घेतला.

एकदा आप्पांच्या हातून कुठलीशी कळ दाबली गेली आणि जागा ठरवायचं काम त्या जाहिरातवाल्या कंपनीच्या मर्जीवर गेलं. त्या संध्याकाळी अख्खा पडदाभर जाहिरात आली. काकूंनी फोन आप्पांच्या हातात दिला आणि अदबीने म्हणाल्या, "घ्या, तुमच्याकडे कोणी आलंय," आणि पाहुण्यांसाठी चहा ठेवायला आत गेल्या. चहा केला पण. तो मी प्यायलो.

बिल्डिंगमध्ये आणखी एक गोंधळ झाला. आप्पांना वाटायचं, आपण लावली ती जाहिरात सगळ्यांना एकच दिसत असणार. पण ज्याचा जसा फोन, तशी त्याला जाहिरात. मला आप्पांच्या ब्लॉगवर मासे घरपोच दिसायचे. आमच्या सेक्रेटरींच्या फोनवर केस उगवायचं औषध निघालं. गेली कित्येक वर्षं ते डोक्यावरचे केस स्वतःचे म्हणून सांगत आले होते.

"मी बसायला एक पाट दिला," आप्पा म्हणाले, "आणि हे प्रत्येक घरात त्यावर वेगळाच माणूस आणून बसवतात. माझ्या गावात कोण शिरलंय ते मलाच माहीत नाही."

शेवटी मीच म्हटलं, "आप्पा, सगळ्यात खाली ठेवा. मजकूर संपल्यावर. रस्ता मोकळा, आणि पेपरही खरा."

हितेशभाई फोनवर कळवळले. तिथपर्यंत कोण जातंय, म्हणाले.

"एक माणूस जातो," आप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम जाऊन बसलो. मजकूर आखाजीचा होता. काकूंचं माहेर, सासरहून आलेल्या पोरी, निंबाला बांधलेला झोका. काकू वाचायला लागल्या. आप्पा त्यांच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते, पण कान असे लावलेले की बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, खिडकीलाच कान फुटलेत. काकू कुठे अडल्या नाहीत. आंब्याचा रस आला, मांडे आले, गाणी आली. शेवटच्या ओळीला आवाज पार पोरीसारखा झाला. "आणि आम्ही दोघी बहिणी झोक्यावर बसलो."

आप्पांनी श्वास सोडला. मीही सोडला.

पण काकू थांबल्या नाहीत. अंगठा पुढे सरकला आणि त्याच आवाजात, त्याच ठेक्यात त्या वाचत गेल्या. "मजबूत स्टीलची शिडी. पाय घसरत नाही. घडी घालून ठेवता येते. आजच घरी आणा."

 मी आप्पांकडे बघितलं. निंब कुठल्या हाताला, यासाठी माणूस स्टँडवर उभा करणारे आप्पा. मला वाटलं, आता ते म्हणणार, अगं, ती जाहिरात आहे, मजकूर वर संपला.

काकूंनी मान वर केली. "शिडी कोणी आणली हो?"

 आप्पा खिडकीपासून उठले, काकूंजवळ जाऊन बसले, आणि जन्मात पहिल्यांदा एक सरळ सरळ थाप मारली.

"तुझ्या बापानं. झोका बांधायला नको का? निंब केवढा उंच."

"उंचच होता," काकू म्हणाल्या. त्यांनी थोडा वेळ फोनकडे पाहिलं, मग पलीकडे कुठेतरी. "नाना वर चढले होते. मी धरली होती खालून. हलायची."

"तूच धरली होतीस."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही कुठे होतात तेव्हा?"

"सांगितलंयस ना मला."

"मी?" काकू हसल्या. "मग बरोबर आहे. चहा ठेवू का? ह्या कोकणाला विचारा, बिनमाशाचा चालेल का."

तिथे खरंच शिडी होती की नाही, ते मला माहीत नाही. आप्पांनाही माहीत नसणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्लॉग उघडला, तर आदल्या दिवसाच्या मजकुरात एक ओळ वाढली होती. नानांनी शिडी लावली, सुमनने खालून धरली.

आता जाहिरात रोज वेगळी येते. काकू रोज ती वाचतात, रोज विचारतात, आणि आप्पा रोज तिला गावात जागा करून देतात. त्या गावात आता मिक्सर आहे. मिरच्यांच्या अंगणात एअर कूलर आहे. मामांच्या बैलगाडीला ऑनलाइन विमा आहे. नानांच्या ओट्यावर पाणी शुद्ध करायचं मशीन बसलंय आणि पेपर ऐकायला येणारी गल्ली आधी तिथे पाणी पिते.

निंबावरून भांडलेला राखोलीचा तो गाववाला ब्लॉग वाचतो. परवा त्याने खाली लिहिलं, "आप्पा, वहिनींच्या माहेरी त्या काळी लाईट नव्हती. कसाले लोकास्ले येडं बनावतस? पाण्याचं मशीन कुठून आलं?"

आप्पांनी त्याच्याखाली एका शब्दात उत्तर दिलंय.

"होतं."