मुदत संपलेलं पान

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बरखेड्याच्या, म्हणजे आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या, क्लबच्या कमानीवरून 'शुभ विवाह'चा फलक उतरवणारा माणूस मांडववाल्याचा नव्हता. ते आमच्याच रांगेतल्या क्वार्टरमध्ये राहणारे टेंभेकर काका होते. स्टुलावर उभे, तोंडात दोन खिळे, आणि खाली स्टूल धरून माझे बाबा.

"अहो, मांडववाला येईल ना दुपारी," बाबा काकुळतीनं म्हणत होते.

"येईल तेव्हा येईल. लग्न झालं ना? मग हा फलक अजून काय सांगतोय लोकांना?" काका खिळ्यांच्या फटीतून बोलले. आम्ही वऱ्हाडी मंडळी पोहे खात बघत राहिलो.

मुदत संपलेली गोष्ट भिंतीवर दिसली की या माणसाला चैन पडत नसे. कुणाकडे चहाला गेले तर आधी कॅलेंडर बघत, आणि मागचा महिना दिसला तर न विचारता पान उलटत. मराठी मंडळाच्या फळ्यावर विसर्जनाची सूचना दसऱ्यापर्यंत टिकली, तर अध्यक्षांना भाजीबाजारात गाठून विचारत, "बाप्पा गेले, की तुमच्याकडेच मुक्कामाला आहेत?"

हे खूळ आलं कारखान्यातून. काका तिथं ड्रॉइंग ऑफिसात होते. यंत्रभागाचं नवं ड्रॉइंग निघालं की वर्कशॉपमधलं जुनं परत आणायचं, हे त्यांच्या कामात येई. एकदा एक जुनं ड्रॉइंग खांबावर चिकटलेलं राहिलं आणि कारागिरांनी इमानेइतबारे त्याबरहुकूम भला थोरला भाग घडवला. सगळा भंगारात गेला. ही कथा काकांकडून ऐकली नाही असा मराठी माणूस हिंदी मुलखातल्या आमच्या टाउनशिपमध्ये नसेल. तिचा शेवट ठरलेला असे. "चूक कारागिराची नव्हती. चूक कागदाची होती. आणि तो कागद उतरवणं माझं काम होतं." हे म्हणताना ते खरोखर कासावीस होत, म्हणून आम्हीही दरवेळी नव्यानं हळहळत असू.

निवृत्त झाल्यावर त्यांनी बाग सेवनियात घर बांधलं, आणि वर्षभरात आमच्या विद्यापीठाच्या वेबसाइटचे प्रमुख म्हणून माझ्याच टेबलासमोर येऊन बसले. मी कम्प्युटर विभागात आधीपासून होते. पहिल्या दिवशी त्यांनी वेबसाइट उघडली आणि डोक्याला हात लावला. प्रवेशाच्या जुन्यापान्या सूचनांवर 'नवीन' असा तांबडा शब्द लुकलुकत होता. दोन कुलगुरू बदलून गेले होते, पण त्यांच्याही आधीचे कुलगुरू हसतमुखानं सर्वांचं स्वागत करत होते.

"अगं, ही वेबसाइट आहे की पितृपक्ष?" काका म्हणाले.

मग नियम आले. प्रत्येक पानाला एक मालक हवा, म्हणजे त्यातल्या मजकुराची जबाबदारी घेणारा माणूस. प्रत्येक पानाला मुदत हवी. लिहिणाऱ्यानं स्वतःचं लिखाण स्वतः चढवायचं नाही, दुसऱ्या कुणीतरी आधी वाचायचं. आणि निवृत्त झालेल्या किंवा सोडून गेलेल्या माणसाचं पान महिनाअखेर उतरवायचं. विद्यापीठाच्या समितीनं हे सगळं मंजूर केलं. न वाचताच केलं असणार, कारण पुढच्या महिन्यात तीच समिती बोंब मारायला लागली.

वनस्पतिशास्त्राचे दुबेजी तर रोज स्वतःचा एखादा फोटो घेऊन यायचे. "टेंभेकर जी, बस एक फोटो है. मुख्य अतिथि को माला पहनाते हुए."

"फोटो लग जाएगा, दुबेजी. उतरेगा कब, ये बताइए."

"अरे, अभी लगा कहाँ है!"

"लगाने को तो कोई भी लगा लेगा," काका म्हणायचे. दुबेजी फोटो परत घेऊन जात आणि दुसऱ्या दिवशी मुदत लिहून आणत. ती 'सदैव' अशी असे.

पुढे दुबेजी निवृत्त झाले आणि महिनाअखेर त्यांचं पान उतरलं. त्यांनी रदबदली केली, कुलसचिवांना भेटले, मलाही भेटले. काका हलले नाहीत. पण स्वतः साकेत नगरला दुबेजींच्या घरी गेले, सोबत पावभर पेढे नेले आणि म्हणाले, "बच्चे आपके पते पर चिट्ठी भेजेंगे और आप वहाँ नहीं मिलेंगे. ये अच्छा लगेगा?" दुबेजींनी पेढे घेतले. राग मात्र गिळला नाही.

तो राग नवी वेबसाइट करायच्या वेळी बाहेर आला. सगळी पानं तपासून नव्या जागी हलवायची होती. एका दुपारी दुबेजी आमच्या खोलीत आले, माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि म्हणाले, "बेटा, ज़रा बॉटनी खोलना. पुराना स्टाफ." मी उघडलं. वरच पान होतं: डॉ. मालती टेंभेकर, वनस्पतिशास्त्र. खाली आठवड्याचं वेळापत्रक. मालतीकाकू म्हणजे काकांच्या पत्नी. त्या दुबेजींच्याही आधी निवृत्त झाल्या होत्या.

"साहब का क़ायदा साहब के घर में नहीं चलता?" दुबेजी मोठ्यानं म्हणाले. त्यांना वाटलं होतं काका भांडतील. मलाही तसंच वाटलं होतं.

काकांनी चष्मा काढला. "आप सही कह रहे हैं," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडून माउस घेतला आणि आमच्या देखत पान उतरवलं. दुबेजींना जिंकल्याचं काही वाटलं नसावं, कारण ते चहा न घेताच गेले.

ते गेल्यावर काकांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, "त्याची एक प्रत आपल्याकडे असेल ना गं? घरच्या कम्प्युटरवर बसवून देशील? हुबेहूब तसंच दिसलं पाहिजे. सकाळी लवकर ये, तिची आंघोळ व्हायच्या आत."

काकू हल्ली विसरतात, एवढं मला ठाऊक होतं. किती विसरतात ते त्या दिवशी काकांनी सांगितलं. सकाळी उठल्यावर आपण कोण, हे त्यांना चटकन सुधरत नसे. मग त्या कम्प्युटरवर स्वतःचं पान वाचत. नाव वाचलं, फोटो पाहिला की त्यांचा जीव शांत होई. त्यानंतर वेळापत्रक वाचत, आणि तास आहे म्हणून साडी नेसून तयार होत. काका त्यांना घेऊन कॉलनीच्या बसथांब्यावर जात. कुठं निघालो होतो हे काकू विसरेपर्यंत दोघं तिथं उभे राहत, आणि मग परत येत. ऊन असो, थंडी असो, हे रोज. एकदा काकांचा डोळा चुकवून त्या एकट्याच बरखेड्याच्या जुन्या क्वार्टरवर पोचल्या होत्या.

"मग त्या पानावर आज सुट्टी आहे असं लिहायचं ना, काका! कोण बघतंय?" मी चिडून म्हणाले. मला त्यांची दया येत होती आणि रागही येत होता.

"विद्यापीठाच्या पानावर खोटं कसं लिहू?" ते म्हणाले. "पान ठेवलं, हीच चोरी झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाग सेवनियाला गेले. पान बसवलं. हुबेहूब तसंच दिसत होतं. "आता हे तुमच्या घरचं पान," मी म्हणाले. "इथं विद्यापीठाचा काही संबंध नाही. लिहा."

काकांनी कीबोर्ड पुढं ओढला. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द उतरवणारा हा माणूस एक ओळ लिहायला घामाघूम झाला. 'आज' लिहिलं, खोडलं. परत लिहिलं. शेवटी झालं एकदाचं: 'आज वर्ग होणार नाहीत.' माझ्याकडे वळून म्हणाले, "वाच. बरोबर आहे?" मी म्हणाले, अगदी बरोबर आहे.

काकू आल्या. मला त्यांनी ओळखलं नाही, पण हसल्या. खुर्चीत बसून त्यांनी नाव वाचलं, फोटो पाहिला, आणि मग त्या ओळीवर थांबल्या. काका दाराशी उभे होते. बसथांब्यावर जायचे बूट त्यांनी सवयीनं घातलेलेच होते.

"अगं बाई, सुट्टी!" काकू एकदम म्हणाल्या. त्यांचा चेहरा कॉलेजातल्या मुलीसारखा उजळला. मागं वळून त्यांनी काकांकडे पाहिलं. "अहो, मग आज तुम्हीही नका ना जाऊ कुठं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग स्टुलावर बसले आणि बुटांचे बंद सोडायला लागले.