मागून नेलेलं झाड जगत नाही

रोगराईला पाय नसतात, ही विधात्याची मोठी दया. त्यामुळेच तिला उचलून नेण्याचं पुण्य माणसाच्या वाट्याला येतं.

जगातलं चाळीस टक्क्यांपर्यंत पीक कीड आणि रोगच खाऊन टाकतात, असं कृषी खात्याच्या पत्रकात छापलं आहे. (पत्रक आमच्या लाखनीत घरोघरी वाटलं. कागद जाड आहे, समईखाली छान बसतो.) म्हणून परदेशी विमानतळावर प्रवाशाकडची आंब्याची कोयसुद्धा काढून घेतात म्हणे. बिचारे. त्यांच्याकडे पदर नाही.

आमच्याकडची रोपवाहतूक पदराखालून चालते. तिचं शास्त्र एकच: मागून नेलेलं झाड जगत नाही, न विचारता नेलेलं जगतं. त्यामुळे कोणी मागत नाही, कोणी देत नाही, आणि तरी सगळ्यांच्या अंगणात सारखीच झाडं आहेत. कीडही सारखीच. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला तेव्हा कपाटं-खुर्च्यांची वाटणी झाली. कीड तेवढी एकत्र कुटुंबात राहिली.

माझा नेम आहे, गणपतीला अकरा जास्वंदी वाहिल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. गेल्या वर्षी संक्रांतीला सानगडीच्या उषाबाईंकडे हळदीकुंकवाला गेले, तर त्यांच्या दारी दुहेरी पाकळ्यांची लाल जास्वंद! एक फांदी माझ्यासोबत आली. (देवासाठी नेलेल्याला चोरी म्हणत नाहीत. मी देवाला विचारलं. तो काही बोलला नाही.) फांदीवर थोडं पांढरं पीठ होतं. मी ते शुभ मानलं.

यंदाच्या मे महिन्यापर्यंत ते पीठ कुंपणापलीकडे चंद्रभागाबाईंच्या भेंडीवर पोचलं. उन्हाळ्यात त्यांचं घर त्या सहा वाफ्यांवर चालतं.

“काय जी बाई, माह्या भेंडीले कोणाची नजर लागली असन?” त्यांनी मला विचारलं.

मी लिंबू-मिरची ओवून दिली. त्यांच्या भेंडीसाठी एक गुरुवारही धरला. याहून जास्त शेजारधर्म पत्रकातही सांगितलेला नाही.

मग कृषी सहायक जागेश्वर भिंग घेऊन आले. पान उलटून म्हणाले, “हे पिठ्या ढेकूण होय. पयलं झाड कोणाकडचं, तेवढं सांगा. ते जाळून टाकतो, बाकी भेंडी वाचते.” वस्तीतली बासष्ट घरं त्यांनी एकेक करून विचारली. माझ्याकडे आले.

“काकू, बाहेरून काही रोप आणलं का जी?”

तो सोमवार होता. सोमवारी माझं मौन असतं. (साधारण त्याच सोमवारपासून.) मी हात जोडले.

पाहणीचा निष्कर्ष असा निघाला: बाहेरून रोप आणलेली घरं, शून्य. पिठ्या असलेली घरं, एकसष्ट. उरलेल्या घराला अंगण नाही. जागेश्वरांनी शेवटच्या रकान्यात लिहिलं, “कीड स्वयंभू.” आपल्या लाखनीत काहीतरी स्वयंभू निघालं म्हणून दोघी-तिघींनी हळद-कुंकूही वाहिलं.

चार दिवसांनी चंद्रभागाबाईंनी सहाही वाफे उपटले आणि पेटवले. धूर आमच्या देवघरापर्यंत आला. त्या सकाळी माझ्या जास्वंदीला नेमकी अकरा फुलं होती. मी वाहिली. मग खिडकी लावून जेवायला बसले. (उन्हाळा.)

परवा त्या चहाला आल्या होत्या.

“भेंडी त गेली जी,” त्या म्हणाल्या, “आता बाजारासाठी फुलंच लावा लागन.”

निघताना त्यांचा पदर नको तिथे फुगलेला होता. खालून माझ्या जास्वंदीचं पान डोकावत होतं, पीठ माखलेलं. एक शब्द बोलले असते तर ती फांदी अंगणातच राहिली असती. पण नेमका सोमवार. शिवाय बोलले असते तर ते मागून नेल्यासारखं झालं असतं, आणि मागून नेलेलं झाड जगत नाही. बाईचं एकदा नुकसान झालेलं. पुन्हा माझ्या हातून कसं व्हावं?

तुमच्या खिडकीतली ती वेल मात्र छान फोफावली आहे. कुठून आणली?

राहू द्या. तुमचंही आज मौन असेल.